काशीरामच्या डोक्याचा जुना फोटो

मित्रांनो, मी एक जुनी एमआरआयची फिल्म आहे. निळी-काळी, हातभर लांब, कोपऱ्यात खिळ्याचं भोक. हसू नका! माझ्या अंगावर काशीरामच्या मेंदूचे वीस फोटो आहेत.

विरारच्या एका तपासणी केंद्रात काशीराम धडधडणाऱ्या यंत्रात निपचित पडून राहिला, तेव्हा कुठे माझा जन्म झाला. त्याच्या कपाळामागची गाठ नुकतीच काढली होती. डॉक्टरांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं नि म्हणाले, "जागा स्वच्छ आहे. पण दर सहा महिन्यांनी नवा फोटो काढायचा, आणि येताना हा जुना आणायचा. दोन्ही शेजारी लावले की वाढ लगेच कळते." केवढा मान होता माझा!

गास गावातल्या घरी आल्यावर काशीराम वाडीत रमला. त्याचा धाकटा भाऊ भूपेश म्हणाला, "दादा ठणठणीत हाय. कशाला परत त्या मशीनीत घालायचा?" घरात सगळ्यांना ते पटलं. दोन वर्षं एकही फोटो निघाला नाही. आणि मला, वारा अडवायला फुटक्या खिडकीवर ठोकलं! असा संताप आला म्हणून सांगू!

मग काशीराम बिघडला. आधी शिव्या, मग ताटं भिरकावणं. ज्याने कधी कोंबडीलाही खडा मारला नव्हता, त्याने एका दुपारी भाजीत मीठ कमी म्हणून बायकोला, शकूला, केसांना धरून भिंतीवर आपटलं. तिचं कपाळ फुटलं. रक्त माझ्यावर उडालं. त्याने कोयता उचलला, तेवढ्यात भूपेश धावत आला. त्याने कोयता हिसकावला, भावाला खांबाला बांधलं आणि दांडक्याने सोलून काढलं.

"दारू ढोसतोस? वैनीवर हात टाकतोस?"

बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी काशीराम त्याला चावायला झेपावत होता.

"भावजी, थांबा!" शकू मध्ये पडली. "दारूचा वास तरी येतो का त्यांना? डोक्यातलं परत आलंय! कोनी बघितलंच नाय!" तिने रक्ताळल्या हाताने मला खिळ्यातून उपसलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला नव्या फोटोशेजारी लावलं. माझ्यात जिथे स्वच्छ जागा होती, तिथे नव्या फोटोत लिंबाएवढी गाठ होती.

"हा माणूस असा नाही, या गाठीने त्याला असं केलंय," डॉक्टर म्हणाले. "मधले फोटो काढले असते, तर वाटाण्याएवढी असतानाच सापडली असती."

भूपेशला रडू कोसळलं. मला त्याची दया आली, पण रागही गेला नाही.

ऑपरेशन झालं. गाठीचा थोडा भाग आत राहिलाच. शुद्धीवर आलेल्या काशीरामला काहीच आठवत नव्हतं. शकूच्या कपाळावरचे टाके बघून तो खवळला.

"कोनी मारलं तुला? नाव सांग, हात तोडतो त्याचा!"

मित्रांनो, शकूने काय उत्तर द्यायचं, ते तुम्हीच सांगा. मला एवढंच म्हणायचंय, जुना फोटो जपा आणि पुढची तारीख चुकवू नका.