नळी उजवीकडे

आमचा काचेचा कारखाना घरचाच: दोन बर्नर, एक भट्टी, सासरे, नणंद आणि मी. प्रयोगशाळांची उपकरणं बनवतो. काच ज्योतीत मऊ झाली की रबरी नळीतून फुंकायची. दोन्ही हात काच फिरवण्यात गुंतलेले, म्हणून नळीचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायचं. माझी सवय डावीकडची.

मोठं काम आलं की माझ्या ओठावर पाणीदार पुळ्या उठतात. सासरे म्हणतात, उष्णता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विषाणू. एकदा शिरला की मज्जातंतूत मुक्काम ठोकतो आणि दगदग झाली, ऊन लागलं की डोकं वर काढतो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुळी उठायच्या आधी ओठ चुरचुरतो, तेव्हाच घ्या. उशीर झाला तर फारसा गुण येत नाही."

अडचण तिथेच होती. ज्योतीसमोर बसणाऱ्याचा ओठ रोजच चुरचुरतो. ओठ फुटला की फुंकर सुटते. एक मोठं कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची काचेची नळी, दोनदा असंच माझ्या हातून वाया गेलं. तिसऱ्यांदा बिघडलं असतं तर जुनं गिऱ्हाईक तुटलं असतं.

तिसऱ्या खेपेला मी बसले, तशी शेजारच्या बर्नरवरून नणंद म्हणाली, "वहिनी, नळी आज उजवीकडे?"

खरंच होती. मला कळलंही नव्हतं.

"मागे दोन्ही वेळा हेच. आधी नळी उजवीकडे, मग तुझं तोंड सुजलेलं."

"मग तेव्हाच बोलायचं ना."

"तू एमएस्सी झालेली. मला वाटलं, काहीतरी तंत्र असेल."

"पुळीलाच तंत्र म्हणतात," सासरे भट्टीजवळून म्हणाले.

म्हणजे पुळी उठायच्या आधीच दुखरा डावा कोपरा टाळून मी नकळत नळी हलवत होते. मी बर्नर बंद करून गोळी घेतली. विषाणू एकमेकांना लागू नये म्हणून नळीची टोकं आम्ही तिघांनी वेगवेगळी केली. ती आधीच करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी ओठ जरा लाल होता, इतकंच. पुळी गोळीने अडली, की मुळात यायचीच नव्हती, हे एका अनुभवावरून सांगता येणार नाही. पण कंडेन्सर अखंड तयार होऊन काचेतला ताण काढायला भट्टीत गेलं.

संध्याकाळी बर्नर पुसता पुसता मी नणंदेला म्हटलं, "तू पाहिलंस म्हणून झालं गं."

"आता उद्यापासून मी काच बघू की तुझं तोंड?"

"दोन्ही," मी म्हटलं.

सकाळी मी नळी तोंडात धरली. तिने मान वळवून पाहिलं.

"डावीकडे आहे," ती म्हणाली आणि आपली ज्योत पेटवली.