पनवतीची खुर्ची

आमच्या मंडळातला सगळ्यात सच्चा चाहता कोण, असं कुणी विचारलं, तर आम्ही एकमताने पनवतीकडे बोट दाखवू. फक्त त्यासाठी जिन्यापर्यंत जावं लागेल, कारण सामना चालू असताना तो तिथे असतो.

मंडळ म्हणजे पोटासाठी परदेशात आलेली आणि जीव गावाकडच्या फुटबॉल क्लबात अडकलेली आम्ही वीसेक माणसं. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान आहे. दुकानाच्या माडीवर गोदाम आहे, आणि तिथे विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर, प्लॅस्टिकचं वेष्टन न काढता, आम्ही सामने बघतो. गोल केला की सगळ्यांच्या बुडाखाली एकदम करकर होते. गोल खाल्ला की चिटपाखरू हलत नाही. त्यामुळे खालच्या गिऱ्हाइकांनाही निकाल कळतो.

पनवती लिफ्ट दुरुस्त करतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला स्वतःचं नाव होतं. खारे शेंगदाणे घेऊन आला, सगळ्यांना मूठ मूठ वाटले, आणि दोन गोलांनी पुढे असलेला आमचा क्लब तीन गोल खाऊन घरी गेला. असतो एखादा योगायोग. दुसऱ्यांदा आला त्या दिवशी आमच्या गोलरक्षकाचा खांदा निखळला. तिसऱ्यांदा सामना चालू असताना तो फोन घ्यायला जिन्यात गेला आणि तेवढ्यात आमचा गोल झाला. फोन संपवून आत आला, तर समोरच्यांनी बरोबरी साधली.

आमच्यातल्या डॉक्टरीणबाई दातांच्या असल्या तरी शास्त्र शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याला पुन्हा एकदा बाहेर पाठवून बघायला हवं."

पाठवलं. जिंकलो. विज्ञानापुढे कोणाचं काय चालणार?

आम्ही काही निर्दय माणसं नाही. एका गिऱ्हाइकाने परत केलेली खुर्ची अध्यक्षांनी त्याला जिन्यात कायमची देऊन टाकली. तिचा एक पाय आखूड होता, पण बसणाऱ्याला अंदाज आला की डुगडुगत नसे. मोबाइलवर बघायचा मोह नको म्हणून सामना सुरू होण्याआधी तो स्वतःहून फोन अध्यक्षांच्या हातात द्यायचा. आणि प्रत्येक गोलानंतर आमच्यापैकी एक जण बाहेर जाऊन त्याला गोल सांगायचा, हा आमचा नियम होता. नियम म्हणजे नियम. कुणी कधी टाळला नाही.

"उजवीकडून आपला पोरगा निघाला. दोघांना चकवलं. आत दिला, आणि डोक्याने घातला!"

पनवती डोळे मिटून ऐकायचा. मग हळूच विचारायचा, "कोणत्या बाजूच्या जाळ्यात?"

"डाव्या."

"वा!" म्हणायचा आणि आम्हालाच धन्यवाद द्यायचा. संध्याकाळी घरी जाऊन तो गावाकडे वडिलांना फोन करी आणि तोच गोल, पायरीन् पायरी, त्यांना सांगे. वडील जुने चांभार. क्लबाच्या खेळाडूंचे बूट त्यांनी जन्मभर शिवले होते, आणि निवृत्त झाल्यावर क्लबाने त्यांना मैदानात कायमच्या दोन खुर्च्या दिल्या होत्या, एक त्यांची आणि एक बायकोची. पोरगं परदेशात राहून एकही सामना चुकवत नाही, हे म्हातारा साऱ्या आळीला सांगायचा. पोराने सामना जिन्यात बसून ऐकला, एवढा बारकावा फोनवर राहून जायचा.

या वर्षी आमच्या क्लबाला अचानक खेळता यायला लागलं. एकामागून एक सामने जिंकत पठ्ठे थेट पहिल्या नंबरावर जाऊन बसले. शेवटचा सामना गावच्या मैदानावर होता. त्यात नुसती बरोबरी केली तरी चषक आपला. मंडळाने ठरवलं, सगळ्यांनी मिळून गावी जायचं, आणि असा जल्लोष करायचा की गावाला मंडळाची ओळख पटली पाहिजे. सगळ्यांना सारख्या जर्सी शिवल्या. पाठीवर प्रत्येकाचं टोपणनाव. अध्यक्षांच्या पाठीवर 'अध्यक्ष'. डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर 'दाढ'. उरलेल्या एका जर्सीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत काय लिहायचं, यावर कुणाला विचार करावा लागला नाही. पनवतीने ती अंगात घातली आणि आरशात मान वळवून वळवून पाठ बघितली. "अक्षर छान आलंय," म्हणाला.

विमानतळावर, विमानाची वाट बघत बसलो असताना, त्याने आयुष्यात पहिल्यांदा मंडळाकडे काहीतरी मागितलं.

"अध्यक्ष, एक विनंती होती. मी फाटकाबाहेरच थांबणार होतो, ठरल्याप्रमाणे. पण बाबांचा फोन आला. आई गेल्यापासून तिची खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर तिचा स्वेटर टाकून ठेवतात, कुणी बसू नये म्हणून. ते म्हणतायत, हा सामना आपण दोघं शेजारी बसून बघू. त्यांचं वय झालंय. पुन्हा कधी..."

पुढचं त्याने गिळलं. आम्हीही गिळलं, पण ते विमानतळावरचं गार सँडविच होतं.

"अरे, सगळं वर्ष तू जिन्यात काढलंस," खजिनदार म्हणाले. ते लग्नाचे फोटो काढतात, त्यामुळे त्यांना समजूत घालायची सवय आहे. "आता एवढ्याशासाठी सगळ्यावर पाणी फिरवणार?"

"बरोबर आहे," पनवती म्हणाला. "मी आपलं विचारून बघितलं."

तो इतक्या लवकर कबूल झाला, की आम्हाला वाईट वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणूस असल्याने काही होत नाही, बघितल्याने होतं. जिन्यात तो आपल्यापासून दहा पावलांवरच असतो की! मग डोळे बांधून बसला, तर शास्त्रीयदृष्ट्या तो जिन्यातच आहे."

अध्यक्षांना हे पटलं. विमानात झोपण्यासाठी देतात ती काळी पट्टी त्यांनी स्वतःची काढून त्याला दिली. "वडिलांच्या शेजारी बस. हवं तर हात धर त्यांचा. पण शिट्टी वाजण्याआधी ही चढवायची आणि संपल्यावर काढायची. आहे कबूल?"

पनवतीचे डोळे भरून आले. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, अध्यक्ष."

"अरे, आपलाच आहेस तू," अध्यक्ष म्हणाले.

मैदानात आमच्या जागा नेमक्या म्हाताऱ्याच्या मागच्या ओळीत मिळाल्या. नजर ठेवायलाही ते सोयीचं होतं. म्हातारा किडकिडीत, बोटं टोचणीच्या खुणांनी भरलेली, गुडघे गेलेले. पोराला बघितल्यावर काठी सोडून त्याने मिठी मारली.

"वाळलास रे! तिकडे जेवतोस की नुसता फुटबॉल बघतोस?"

"जेवतो, बाबा."

"बस, बस. आईच्या खुर्चीत बस. तो स्वेटर घे मांडीवर."

पोरगा बसला. शिट्टीची वेळ झाली तशी त्याने खिशातून पट्टी काढून डोळ्यांवर चढवली.

"हे काय? डोळे आलेत की काय?"

"प्रवासात जरा चुरचुरतायत. तुम्ही सांगा ना मला, काय चाललंय ते. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

म्हातारा खूश झाला. सांगायलाही लागला. चेंडू आता इकडे आला, आता तिकडे गेला, तो बुटका बघ कसा पळतोय, त्याच्या बापाचे बूट मी शिवलेत. पनवती डोळे बांधून, स्वेटर कुरवाळत, चेहरा वर करून ऐकत होता. खरं सांगायचं तर इतकं सुखी माणूस त्या सगळ्या मैदानात दुसरं नसेल. आम्हाला ते जरा खटकलंच. असं सुख परवडणारं नव्हतं.

आणि झालंच तसं. मध्यंतराच्या तोंडावर समोरच्यांनी कोपऱ्यातून आलेला चेंडू आमच्या जाळ्यात ढकलला. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी फक्त एकाच खुर्चीकडे बघितलं.

मध्यंतरात लोक उठले. एका बाईला जायला वाट द्यावी म्हणून पनवतीही उठला आणि पाठमोरा झाला. म्हाताऱ्याने चष्मा नाकावर ओढला.

"पनवती?" त्याने वाचलं. "कोण पनवती?"

"मी, बाबा!" पोरगा पट्टी कपाळावर सारून हसला. "गंमत आहे आमची. मी सामना बघितला की आपण हरतो. म्हणून मी बाहेर जिन्यात बसतो. ही मंडळी फार चांगली आहेत. गोल झाला की लगेच येऊन सांगतात."

"म्हणजे तू मला फोनवर सांगायचास ते..."

"अक्षरन् अक्षर यांच्याकडून ऐकलेलं. आज पहिल्यांदाच आत बसू दिलं मला. डोळे बांधून."

आम्ही मागून मान डोलावली. चांगुलपणाची कुणी दखल घेतली की बरं वाटतं. आता म्हातारा आमच्या अंगावर येईल, असंही एकदा वाटून गेलं. एवढ्या वयात बापाने पोराची अशी पाठ वाचायची म्हणजे काय! खजिनदारांनी तर मागे सरकून घेतलं.

म्हाताऱ्याने रिकाम्या मैदानाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुझ्या आईचं उलटं होतं. ती या खुर्चीवरून उठली की आपण गोल खायचो. मी तिला सामना संपेपर्यंत उठू द्यायचो नाही."

"माहीत आहे, बाबा."

"त्या दिवशी छातीत कळ येतेय म्हणाली. मी म्हटलं, थोडंच राहिलंय."

पोरगा खाली बसला आणि स्वेटर पुन्हा मांडीवर घेतला.

"जिंकलो आपण तो सामना," म्हातारा म्हणाला.

"हो, बाबा."

खेळाडू पुन्हा मैदानात यायला लागले. म्हाताऱ्याने पोराच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाळा, तू जरा बाहेर थांबतोस का?"

मंडळाने यात काही केलं नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं. बापलेकांच्या मध्ये आम्ही कशाला पडू? पनवतीने स्वेटरची नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि विचारलं, "कोणत्या फाटकाशी थांबू? म्हणजे तुम्हाला शोधावं लागणार नाही."

"आपल्या उजवीकडच्या. तिथे सावली असते."

तो गेला आणि थोड्याच वेळात आमचा गोल झाला! बरोबरी! मैदान उसळलं. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो, डॉक्टरीणबाईंनी तर अनोळखी माणसाचं चुंबन घेतलं. म्हातारा मात्र काठी शोधत होता.

"काका, कुठे?"

"पोराला सांगून येतो."

"आम्ही सांगू की! नियमच आहे आमचा."

"नको. हा मी सांगेन."

एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत म्हातारा खाली उतरला. तो फाटकाबाहेर पोचला असेल-नसेल, आमच्या बुटक्याने अर्ध्या मैदानातून चेंडू हाणला, आणि दुसरा गोल! असा गोल पिढीत एकदा होतो. म्हाताऱ्याने ज्याच्या बापाचे बूट शिवले, त्याने तो केला, आणि म्हातारा तेवढा बाहेर.

अध्यक्ष विचारात पडले. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही." आणि दोघं उठून फाटकाकडे गेले. मीही मागोमाग गेलो, कारण गोल सांगायची पाळी माझी होती.

बापलेक भिंतीशी, सावलीत उभे होते. म्हातारा हातवारे करून पहिला गोल सांगत होता, पोरगा डोळे मिटून ऐकत होता. सांगून होताच, दुसरी आरोळी कसली होती ते बघायला म्हातारा लगबगीने आत यायला निघाला, तर अध्यक्ष फाटकात आडवे झाले.

"काका, गैरसमज करून घेऊ नका. पण तुम्ही उठून बाहेर आलात आणि लगेच दुसरा गोल झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे इथेच थांबलात तर बरं. थोडंच राहिलंय."

म्हातारा अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत राहिला. काठी उचलेल असं वाटलं. मग त्याची नजर खाली गेली, आणि जन्मभर फुटबॉल बघितलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, हे आमच्या लक्षात आलं. तो मुकाट्याने मागे फिरला आणि भिंतीशी पोराच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पनवतीने त्याला सावलीतली जागा दिली आणि आपण उन्हात सरकला.

खाली दोन खुर्च्या रिकाम्याच होत्या आणि तिथून मैदान फार छान दिसायचं, म्हणून उरलेला सामना अध्यक्ष आणि डॉक्टरीणबाईंनी तिथे बसून बघितला. खुर्ची कडक लागत होती, स्वेटरचा उपयोग झाला.

मी मात्र आधी पाळी पूर्ण केली. नियम म्हणजे नियम. बुटक्याने चेंडू कुठे अडवला, मान वर करून कसं बघितलं, गोलरक्षक कसा पुढे आलेला होता, सगळं व्यवस्थित सांगितलं. दोघांनी डोळे मिटून ऐकलं.

आणि पनवतीने तोंड उघडण्याआधी म्हाताऱ्याने विचारलं, "कोणत्या बाजूच्या जाळ्यात?"