दुसऱ्या नाण्यावरची खोच

वजन बरोबर होतं. जाडी बरोबर होती. कडेवरच्या रेघा मोजून झाल्या, एकही कमी-जास्त नव्हती. तरी पारख्याने नाणं पुन्हा भिंगाखाली सरकवलं, तसं ते नाणं घेऊन आलेल्या, समोर बसलेल्या कंत्राटदाराने घड्याळाकडे पाहिलं.

टाकसाळीने एके काळी नाण्याचा धातू बदलायचं ठरवलं होतं. तेव्हा नमुन्यादाखल मोजकी नाणी पाडली, मग बेत बारगळला आणि ती चलनात कधी आलीच नाहीत. असं एखादं हाती लागलं की माणसाचं नशीब फळफळतं. म्हणून खोटी करणारेही जीव ओतून करतात. अडतीस वर्षं पारखी हेच पाहत आला होता. त्याने चिठ्ठी दिली की बाजारात पुढे कुणी विचारत नसे.

आकड्याखाली, कडेला लागून, नखाच्या कोरीएवढी खोच होती. त्याने भिंग आणखी जवळ नेलं. एकोणीस वर्षांपूर्वी एका घड्याळजीच्या नाण्यावर अगदी त्याच जागी, तेवढीच खोच त्याने पाहिली होती आणि ‘अस्सल’ अशी चिठ्ठी सहीनिशी दिली होती.

खोच ही नाण्याला नंतर झालेली जखम. दोन नाण्यांना एकाच जागी, एकाच मापाची जखम होत नाही. झालीच, तर ती ठशातच असते. कुणीतरी मार बसलेल्या खऱ्या नाण्यावरून ठसा उतरवलेला असतो, खोचेसकट.

नाणं खोटं आहे एवढंच त्याने कंत्राटदाराला सांगितलं. तो कुरकुरत निघून गेल्यावर पारख्याने, ज्या दुकानात तो बसत असे त्याच्या मालकाला सगळं सांगितलं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं, की आजचं नाणं परत गेलं, विषय संपला; जुनी भानगड उकरायची काय गरज आहे? घड्याळजी काही विकायला निघालेला नाही. दुकानाचं नाव आहे, पारख्याचंही आहे. त्याने होकारार्थी मान हलवली. बायको दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती, आता हे काम पुरे करा म्हणून. त्या क्षणी त्याला तिचं पटलं.

तरी दुपारी तो निघालाच. वाटेत एक आशा होती. खोच मूळच्या खऱ्या नाण्यालाही असणारच. कोण जाणे, घड्याळजीचं तेच असेल. तीन जिने चढताना गुडघे बोलत होते, पण त्या आशेवर तो चढला.

घड्याळजीला सगळे नाना म्हणत. आता अठ्ठ्याहत्तरीचे, दुकान बंद केलेलं, मुलाकडे राहत होते. सुनेने दार उघडलं आणि आत हाक मारली, “बाबा, कुणीतरी आलंय.”

एक नाणं पुन्हा बघायचंय, एवढंच पारखी म्हणाला. नानांनी काहीही न विचारता कपाटातून डबी आणून टेबलावर ठेवली. त्याने खिशातलं भिंग काढलं. खऱ्या जखमेचा तळ खरबरीत असतो, धातू फाटलेला दिसतो. हा तळ गुळगुळीत होता, बाकीच्या नाण्यासारखाच चकचकीत. ठशातून उतरलेला.

त्याने भिंग खाली ठेवलं. “नाना, माझी चूक झाली. हे खोटं आहे.”

“ठाऊक आहे,” नाना म्हणाले. “अकरा वर्षं झाली.”

मग त्यांनी सांगितलं. रद्दीच्या दुकानात एका लिलावाचं जुनं पुस्तक मिळालं होतं. त्यात असंच नाणं छापलेलं, हीच खोच. आधी त्यांनाही वाटलं, आपलं मूळ असेल. पण जन्मभर डोळ्याला भिंग लावून चाकं पाहिलेली. खोचेचा तळ बघितला आणि कळलं. दोन रात्री झोप आली नव्हती.

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुमच्या चिठ्ठीवर किती लोकांचे व्यवहार झालेत. एका नाण्यापायी सगळे तुमच्याकडे संशयाने बघायला लागले असते.” नानांनी नाणं पुन्हा डबीत ठेवलं. “मला काही ते विकायचं नव्हतं.”

दुकानात, बाजारात जे काही झालं असतं, ते सोसायची तयारी करून पारखी आला होता. अकरा वर्षं कुणीतरी आपल्याला सांभाळून घेतलं, याची तयारी त्याने केली नव्हती. त्याने जुनी चिठ्ठी मागितली, ‘अस्सल’वर काट मारून ‘बनावट’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. उद्या दुकानात बोर्डावर लावतो म्हणाला. नाना नको म्हणाले नाहीत.

सुनेने पाणी आणून ठेवलं.  मग नानांनी कपाटाच्या तळातून कागदाची पुडी काढली. त्यात आणखी एक नाणं होतं, काळपट, टाकसाळीच्या त्याच वर्षाचं.

“आलाच आहात तर हेही बघा.”

“अजूनही मलाच दाखवताय?”

“दुसरं कोण आहे?”

पारख्याने ते उलटसुलट केलं, कड पाहिली, अक्षरं पाहिली. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा भिंग मिटलं.

“नाना, मला नाही सांगता येत.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नानांनी मान डोलावली, उठून खिडकीचा पडदा पुरता बाजूला केला आणि आपली खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावली. दोघं त्या नाण्यावर वाकले.