गावदेवीचं मीठ

दोन पितळी पारडी, सहा साखळ्या, एक लोखंडी दांडी आणि चार वजनं: मित्रांनो, मी एवढाच आहे. कळव्याच्या खाडीकाठी, मिठाच्या सरकारी नाक्यावर टांगलेला मी एक जुना तराजू.

माझी पहिली वर्षं मजेत गेली. मिठागरांतून पाट्या भरभरून यायच्या. नाक्यावरचा शिपाई गुणाजी मला रोज तेल लावून पुसायचा. पाटी उतरवताना त्याचा धाकटा भाऊ नाथा ओरडायचा, "दादुस, कधी आमच्या डोक्याला पन लाव रं तेल!"

एका चैत्रात सरकारने लहान मिठागरं बंद केली. पिकल्या मिठावर खाडीचं पाणी सोडलं. जो बोलला त्याला पकडून नेलं. घरात शेरापेक्षा जास्त बिनपरवाना मीठ सापडलं, तर घरधन्याला सहा महिने तुरुंग, असा हुकूम निघाला. नाथा लोक जमवू लागला. गुणाजी घर सोडून नाक्याच्या खोलीत राहायला आला. भाऊ समोरून गेला, की तो मान खाली घालून मलाच पुसत बसे.

श्रावणात नाथाच्या घरावर धाड पडली. शिपाई त्याला आणि देवापुढचं मडकं घेऊन आले. मागून आई, आवडाबाई.

"हंगामाचा पयला मीठ हाय, गावदेवीचा," ती म्हणाली. "गुणाजी, शिमग्याला तूच तोललास ना? शेराच्या आतच व्हता."

खरं होतं. तेव्हा ते शेराला एक तोळा कमी भरलं होतं. पण देवीच्या मिठावर झाकण ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. पावसाळाभर मडकं उघडं होतं, आणि उघडं मीठ हवेतलं पाणी पितं.

"रावसाहेब, सुकवून तोलू?" गुणाजीने विचारलं.

"श्रावणात?" कारकून त्र्यंबकराव हसले. "आहे तसं तोल. का भावासाठी हात आखडतोस?"

"तोल, दादुस," नाथा म्हणाला. "सरकारचा पट्टा बांधलास, आता लाजतंस कशाला?"

मित्रांनो, तराजूला दया करता येत नाही. पारडी पुसणं, ओली वस्तू आधी सुकवणं, हे माणसांनीच करायचं असतं. तेवढी काळजी घेत जा.

गुणाजीने मीठ ओतलं. ओले खडे त्याच्या तळव्याला चिकटून राहिले.

"हात झटक," त्र्यंबकराव म्हणाले.

त्याने झटकला.

एक शेर, दोन तोळे.