गोड बोलणारं माणूस

मिशीला पीळ देणाऱ्या खलनायकाला कुणी भीत नाही, हे सुकन्याला पक्कं ठाऊक होतं. तो आला की पोरंटोरं खिदळतात. म्हणून नेकनूरच्या रानात मोबाईलवर फिल्म काढायला घेतली, तेव्हा तिने ऊसतोड टोळीच्या मुकादमाला पांढरा सदरा, हळू आवाज आणि दर बाईला 'अक्का' म्हणायची सवय दिली. भर दुपारी उसाच्या पाचटाची कोपी, तोडकऱ्यांची झोपडी, उभी केली. फटींतून ऊन असं यायचं, की माणसाचं अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात. भाड्याने दिवे आणणाऱ्यांनी यावं आणि शिकून जावं!

आईची, अंजनाची, गर्भपिशवी सव्विसाव्या वर्षी काढली होती. मुकादमाने काढायला लावली, असं घरात सगळे म्हणत. त्याला शिव्या घालतच सुकन्या मोठी झाली आणि फिल्मही त्याच रागातून निघाली.

फिल्ममधलं मुकादमाचं काम तिच्या वडलांकडे, आबांकडे होतं. वीस हंगाम ऊस तोडलेल्या माणसाला मुकादम शिकवावा लागत नाही. समोर तोडकरीण म्हणून शेजारची शिवकन्या बसली.

"अक्का, पिशवी काढून टाक," आबा हळूच म्हणाले. "पाळीचा तरास न्हाई, खाडा न्हाई. तुज्या भल्याचंच सांगतोय."

सुकन्या जाम खूश झाली. पण कोपीच्या दाराशी चहा गाळणारी अंजना फस्सकन हसली.

"काय झालं गं, आई?"

"मुकादम कावून गोड बोलंल? त्यानं नुसतं म्हणायचं, खाडा चालणार न्हाई. बाई दवाखान्याची पायरी चढती ती घरच्या माणसाच्या बोलण्यावर."

आबांची मान खाली गेली. सुकन्याने मोबाईल खाली घेतला. इतकी वर्षं आपण भलत्यालाच शिव्या घातल्या? मुकादम काही धुतल्या तांदळाचा नव्हता, पण गोड जीभ त्याची नव्हती. तिने मोबाईल पुन्हा रोखला.

"आबा, सदरा उतरवा. तुमी आता नवरा."

"आन् मुकादम?"

"त्याची नुसती सावली दारात पडंल."

"मी काय बोलू? कागदावर तर काईच न्हाई."

"तुमाला येतंय."

अंजनाने गाळणी ठेवली, शिवकन्याला उठवलं आणि तिच्या जागी स्वतः बसली. आबांनी सदरा उतरवला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अंजे, माज्यावर इश्वास हाय न्हवं?"

"हां. असंच म्हणला होता," अंजना म्हणाली. "आता जरा उजेडात सरका. पोरीला तोंड दिसू द्या."