उद्घाटनाची कात्री

मी एक जुनी कात्री आहे. मखमलीच्या पेटीत राहते म्हणून माझा हेवा करू नका, मित्रांनो. आत मला गंज चढला आहे.

लोहाराने मला मोडक्या गाडीच्या पोलादातून घडवले. कपडे शिवणाऱ्या एका बाईने मला घेतले. सगळे गाव तिला मावशी म्हणे. परके राज्यकर्ते गेले त्या आठवड्यात कचेरीच्या नव्या झेंड्याचे कापड मीच कापले. मावशीची रेघ जराही सुटली नाही.

मग गावाला पहिला दवाखाना मिळाला. मंत्री आले, फीत बांधली आणि कात्रीच नाही! चांदीची होती, ती जुने साहेब जाताना घेऊन गेले होते. कारकून धापा टाकत मावशीच्या दुकानात आला.

"संध्याकाळी परत आणा हं," मावशी म्हणाली. "शाळेचे गणवेश अर्धे राहिलेत."

"अहो मावशी, देशाचं काम आहे!"

मंत्र्यांनी मला उंच धरले. "ही आपल्या लोहाराची कात्री! आपल्या देशाची!" टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटे कशाला बोलू, मीही फुगले. संध्याकाळी माझ्यासाठी मखमलीची पेटी आली.

मावशी मला न्यायला आली, तेव्हा कारकून म्हणाला, "आता तिला मान मिळालाय, मावशी."

"मग कापड काय मानाने कापू?"

ती पुष्कळदा आली. पुढे तिला कुणी बसा म्हणेनासे झाले.

मी पुलाची फीत कापली, गिरणीची कापली, नळाची कापली. पुलावरून गाड्या धावल्या, हे खरे. नळाला मात्र समारंभापुरतेच पाणी आले. दवाखान्याची फीत तर कितीदा! नवा रंग, नवी पाटी, नवे मंत्री. डॉक्टर तेवढा आणायचा राहून गेला. माझी धार गेली, ती कुणी लावली नाही. आता फीत आधीच कापून टाचणीने जोडतात. मी नुसते तोंड उघडून मिटायचे.

परवा पुन्हा त्याच दवाखान्याचे उद्घाटन झाले. मंडळी चहाला गेली. मी टेबलावर उघड्या पेटीत होते. तेवढ्यात मावशी आली, वाकलेली, हाताला फडके गुंडाळून. स्वस्तातल्या कात्रीचे पाते निखळून तिचा तळहात चिरला होता. नर्सबाईंनी जखम धुतली, पट्टी गुंडाळली आणि त्या कात्री शोधू लागल्या. इतक्यांदा उघडलेल्या त्या दवाखान्यात कात्री नव्हती.

"ही काय इथे!" मावशी म्हणाली. "अगं, माझीच आहे ती."

शिपायाने पेटी झटकन मिटली. "हात लावू नका, आजी. उद्घाटनाची आहे."

"घटकाभर दे रे बाबा. धार लावून आणते."

"वरून परवानगी आणा."

नर्सबाईंनी पट्टी दातांनी फाडली. अंधारात मला तो आवाज ऐकू आला. पेटी उघडली असती, तरी मला ती पट्टी कापता आली नसती. तेच जास्त लागले.

मित्रांनो, कुणाचे काम थांबवून त्याचे अवजार मानाला बसवू नका. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल, तर धार लावा आणि जिची तिला देऊन टाका.

पुढच्या महिन्यात पुन्हा फीत आहे. त्याच दाराला.