बेलभंडार

कपबशी फुटल्याचा आवाज आला, तेव्हा मनकर्णा देव्हाऱ्यापुढं वात वळत होती. तिनं मान वळवली. चहा फरशीवर पसरला होता आणि तिचा नवरा सहादेव आपल्या उजव्या हाताकडं परक्याचा असावा तसा बघत होता.

ती काही बोलली नाही. देवापुढचा बेलभंडार उचलून, शपथ घेऊन त्यानं दारू सोडली, तेव्हापासून रोज सकाळची पूजा होईस्तोवर मौन धरायचं, हे तिनं खंडोबाला कबूल केलं होतं.

"काय सांडलं रं?" ओसरीवरून सासूबाईंनी, झुंबरबाईंनी विचारलं.

सहादेव काहीतरी म्हणाला. शब्द तोंडातच घोळले. उठायला गेला तो भिंतीला घासत खाली बसला.

"घेतली व्हय परत?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "बेलभंडार उचलून? आता द्येव सोडंल का? निजू दे मनकर्णे, उतरंल आपोआप."

वर्षानुवर्षं या घरानं तेच केलं होतं. चटई टाकायची, दार लोटायचं, उतरायची वाट बघायची. मनकर्णानं चटई अंथरली. शपथ मोडली, आता काय वाढून ठेवलंय, या भीतीनं तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. उशी सारताना जुन्या सवयीनं ती त्याच्या तोंडाशी वाकली.

चहातल्या आल्याचा वास आला. नुसता आल्याचा.

त्याच्या ओठाचा एक कोपरा ओघळला होता. नगरचे डॉक्टर समजावून बोलले होते, "सोडलीत, उत्तम केलंत. पण इतक्या वर्षांच्या दारूनं, बीपीनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर झाल्यात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर घरी थांबायचं नाही."

निरांजन अजून लागायचं होतं, पूजा अर्धीच होती.

"आसिफ! आरं आसिफ, टेम्पो काढ!"

एवढा मोठा आवाज सासूबाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

शेजारच्या आसिफनं सहादेवला उचलून पुढच्या सीटवर आणलं. त्याचं डोकं मनकर्णाच्या मांडीवर होतं. नगरच्या वाटेवर राहुरी मागं पडली तसा आसिफ चाचरत म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. दादांनी घेतलीय का? दवाखान्यात पयलं तेच इचारत्याल."

तिनं डोळे मिटले. पुन्हा वाकली, त्याच्या तोंडाला नाक लावून खोल श्वास घेतला. मग आणखी एक. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली, आज तरी दारूचा वास यावा म्हणून.

"न्हाई रं," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.